एका पानाचा सल्लागार

"ही छटा मागे गोदामात असेल," असं रंगाचा दुकानदार म्हणाला आणि मोजपट्टीसाहेब सवयीने त्याच्या मागोमाग गोदामात शिरले. तिथेच या प्रकरणाला सुरुवात झाली. आले होते ते गॅलरीच्या कठड्यासाठी एक डबा रंग घ्यायला.

गोदामात शिरताच त्यांचे पाय थबकले. जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले होते. रोज खपणारे डबे दाराजवळ, वर्षातून एकदा खपणारे तळाशी, जड पिंपं खाली, ब्रश आणि रोलर डोळ्यांच्या उंचीवर. आपल्याच मुलाला दुसऱ्याच्या कडेवर बघावं तसं त्यांना झालं. आठ महिन्यांपूर्वी याच दुकानदाराला त्यांनी त्रेचाळीस पानांचा प्रस्ताव दिला होता. त्यात हे सगळं नकाशासकट होतं. "वाचून कळवतो," असं दुकानदार तेव्हा म्हणाला होता.

"फार छान लावलंय हो," मोजपट्टीसाहेब म्हणाले.

"पुतण्याने केलं सगळं. डोकं फार चालतं त्याचं!"

आता जगात दोन माणसांना एकच कल्पना सुचू शकते. मोजपट्टीसाहेब न्यायी माणूस. त्यांनी पुतण्याला संशयाचा फायदा देऊन टाकलाही असता. पण तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'अजवड माल खाली ठेवावा.' त्रेचाळीस पानांत एकच चूक राहिली होती, एकोणिसाव्या पानावर. 'अवजड'च्या जागी 'अजवड'.

"अजवड म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं.

"तो तांत्रिक शब्द आहे," दुकानदार म्हणाला.

मोजपट्टीसाहेब रंग न घेता घरी आले.

त्यांचं हे नाव काही बारशातलं नव्हे. सव्वीस वर्षं त्यांनी पंपांच्या कारखान्यात भांडार विभाग सांभाळला, आणि सव्वीस वर्षं त्यांच्या खिशात मोजपट्टी होती. लोक हात मिळवायला पुढे यायचे, तेव्हा हे त्यांच्या मागच्या रॅकची उंची मोजत असायचे. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि 'गोदाम व्यवस्था सल्लागार' अशी पाटी दाराला लावली. दीड वर्षात सतरा प्रस्ताव लिहिले, सरासरी चाळीस पानं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गोदामात दोन-दोन दिवस काढून, खांब मोजून, खिडक्या मोजून. सतराच्या सतरा जणांनी 'वाचून कळवतो' म्हटलं. कळवलं कोणीच नाही.

"म्हणजे सगळ्यांनीच..." मोजपट्टीसाहेब आरामखुर्चीत कोसळत म्हणाले. "सतरा गोदामं! माझ्या डोक्यावर चालताहेत आणि मी इथे बसलोय!"

"ती अजवडची चूक मी तेव्हाच दाखवली होती तुम्हाला," बायको म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि सतराही प्रस्ताव तिने लाल पेनाने तपासले होते. "तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक एकोणिसाव्या पानापर्यंत पोचत नसतं."

"पोचलं ना! तेच तर दुःख आहे."

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क सांत्वनाला आले. मयताला यावं तसे हळू आवाजात बोलत आले आणि चहा झाल्यावर खरा आवाज निघाला. "मुळात चूक तुमची. कागद हातातून सोडायचाच नाही. मी चौतीस वर्षं नोकरी केली, एक कागद हातातून सोडला नाही. लोक माझ्या निवृत्तीची वाट बघत होते."

बायकोचा धाकटा भाऊ शेजारच्याच गल्लीत राहायचा. तो पाण्याची शुद्धीकरण यंत्रं विकायचा, आणि विक्रीतलं जगात जे काही कळायचं ते आपल्याला कळून झालं आहे अशी त्याची समजूत होती. तो आला तो थेट मुद्द्यावर.

"भावजी, प्रस्ताव लिहिणं बंद. डॉक्टर फी घ्यायच्या आधी चाळीस पानं लिहून देतो का? नाही. तो काय करतो? विचारतो. झोप लागते का, भूक लागते का. विचारून विचारून पेशंटला घाबरवतो. मग पेशंट स्वतःच म्हणतो, डॉक्टर, तुम्हीच काय ते बघा."

"पण मी किती हुशार आहे ते त्यांना कळणार कसं?"

"तेच तर कळू द्यायचं नाही!"

हे मात्र मोजपट्टीसाहेबांना मनापासून पटलं. त्यांनी तिथल्या तिथे तीन नियम केले. एक: यापुढे प्रस्ताव नाही. दोन: पहिल्या भेटीत फक्त प्रश्न विचारायचे. तीन: काम पक्कं झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. मेहुण्याने एकच पान तयार करून दिलं. त्यावर वर नाव, खाली फोन नंबर आणि मधे मोठ्या अक्षरांत एवढंच: 'आधी काम ठरवा. मग बोलू.'

हेडक्लार्कांनी ते पान उलटं करून बघितलं. पाठ कोरी होती. "मला हे कोणी आणून दिलं असतं, तर मी त्याला बसायला खुर्ची दिली नसती," ते म्हणाले आणि उठले.

पहिला प्रयोग सोफ्यांच्या व्यापाऱ्यावर झाला. हा माणूस गरजू होता. त्याच्या गोदामात एक सोफा काढायला पाच सोफे हलवावे लागत.

"तर साहेब," व्यापारी म्हणाला, "काय करावं म्हणता?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. मी तुम्हाला विचारतोय."

"आणि मी तुम्हाला," मोजपट्टीसाहेब गूढ हसले. हसणं मेहुण्याने शिकवलं होतं. पण ते मेहुण्याच्या चेहऱ्यावर जसं दिसायचं, तसं यांच्या दिसेना. दाढदुखीसारखं दिसायचं.

व्यापाऱ्याने एकदा हातातलं पान वाचलं, एकदा यांच्याकडे बघितलं. याला काही येतच नसावं, हा संशय त्याच्या डोळ्यांत स्पष्ट उमटला. इकडे मोजपट्टीसाहेबांनाही व्यापाऱ्याचा संशय येत होता, कारण तो मधून मधून खिशातल्या फोनला हात लावत होता. आवाज मुद्रित करत असला तर? त्यांनी प्रश्नसुद्धा हळू आवाजात विचारायला सुरुवात केली.

आणि त्याच वेळी त्यांना ती लाकडी स्टुलांची चळत दिसली. अकरा स्टुलं, एकावर एक, सगळ्यात खालचं लंगडं. सव्वीस वर्षांचा अनुभव त्यांच्या कानात ओरडून सांगत होता, की ही चळत आज ना उद्या खाली येणार. पण सांगितलं, तर तो सल्ला झाला. फुकटचा! त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि नमस्कार करून बाहेर पडले. रस्ता ओलांडतात न ओलांडतात तोच मागे धडाडधूम आवाज झाला आणि व्यापाऱ्याची किंकाळी ऐकू आली.

"लागलं का हो त्याला?" बायकोने विचारलं.

"पायाच्या अंगठ्याला. मी परत जाऊन बघितलं ना! बर्फसुद्धा आणून दिला."

"आधी एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अगं, ते सतराव्या पानावरचं वाक्य आहे!"

भाजी चिरताना बायकोने सुरीचा जो आवाज काढला त्यातून बरंच काही कळलं.

दुसरं गिऱ्हाईक मिळालं ते औषधांचा घाऊक व्यापारी. मोठं तीन मजली गोदाम, वरच्या मजल्यावर मालकाची कचेरी. मालक थकलेला, पन्नाशीचा माणूस होता. "मालाचा हिशेब जुळत नाही हो," तो एवढंच म्हणाला. "तुम्ही एकदा गोदाम बघून घ्या. आमचे मॅनेजर दाखवतील."

मॅनेजर म्हणजे कडक इस्त्रीचा, पातळ मिशीचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला गृहस्थ. या वेळी मोजपट्टीसाहेब तयारीने गेले होते. प्रश्नांची यादी पाठ केली होती, आणि आपली टिपणं कोणी वाचू नयेत म्हणून ती वहीत उलट्या अक्षरांत लिहायची असंही ठरवलं होतं.

"महाग माल कुठे असतो?"

"दुसऱ्या मजल्यावर," मॅनेजर म्हणाला. "का?"

"गोदाम किती वाजता बंद होतं?"

"सातला. का?"

"बंद झाल्यावर इथे कोण असतं?"

मॅनेजर आता चालायचा थांबला. "तुम्ही मला सांगाल का, हे कशासाठी?"

"आधी काम ठरवा," मोजपट्टीसाहेब म्हणाले, "मग बोलू." आणि खिशातून पट्टी काढून मागच्या दाराची रुंदी मोजू लागले. "हे दार उघडतं का?"

"नाही!" मॅनेजर जरा जोरातच म्हणाला. "दोन वर्षं बंद आहे ते."

"किल्ली कोणाकडे?"

"एक मिनिट हं," म्हणून मॅनेजर बाहेर गेला. मोजपट्टीसाहेबांना बरं वाटलं. मेहुण्याचा डॉक्टर आठवला. गिऱ्हाईक घाबरलं होतं! आता तो मालकाला जाऊन सांगणार, की माणूस खोल पाण्यातला आहे. ते खाली वाकून दाराच्या बिजागऱ्या बघत उलट्या अक्षरांत लिहीत असतानाच त्यांच्या खांद्यावर एक वजनदार हात पडला. हात हवालदाराचा होता.

पोलीस ठाण्यात त्यांना ज्या बाकावर बसवलं त्याचा एक पाय आखूड होता. जरा हललं की बाक कुरकुरायचा आणि सगळं ठाणं वळून बघायचं. सव्वीस वर्षांत ज्याच्या भांडारातून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, त्या माणसाला संशयित म्हणून, कुरकुरत्या बाकावर, बुटाची नाडी सुटलेल्या अवस्थेत बसावं लागावं! नाडी बांधायला वाकावं, तर बाक कुरकुरणार. त्यांनी ती तशीच राहू दिली.

इन्स्पेक्टरांनी वही उघडली. "ही कसली भाषा?"

"मराठीच आहे. उलटी लिहिलीय."

"का?"

"कोणी वाचू नये म्हणून."

इन्स्पेक्टर आणि हवालदार यांनी एकमेकांकडे बघितलं. शेजारी मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. "मी सांगितलं ना साहेब! महाग माल कुठे, रात्री कोण असतं, किल्ली कोणाकडे. दुसरं काही विचारलंच नाही."

"तुमचा धंदा काय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"सल्ला देतो."

"आजवर कोणाला दिलात?"

मोजपट्टीसाहेबांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तसा सतरा जणांना. पण त्यांनी तो घेतला असं ते म्हणत नाहीत."

"काही पुरावा?"

त्यांनी मान खाली घालून ते एक पान पुढे केलं. इन्स्पेक्टरांनी ते मोठ्याने वाचलं: 'आधी काम ठरवा. मग बोलू.' मग त्यांनी पान उलटं केलं. पाठ कोरीच होती. "ही धमकी आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

शेवटी घरी फोन करायची परवानगी मिळाली. अर्ध्या तासात बायको आली, सोबत तिचा भाऊ आणि हेडक्लार्क. भाऊ गंभीर होता, हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. बायकोच्या हातात बाजाराच्या दोन भरगच्च पिशव्या होत्या. तिने त्या इन्स्पेक्टरांच्या टेबलावर ओतल्या. सतरा प्रस्ताव.

"घ्या पुरावा," ती म्हणाली. "हे माझे मिस्टर दीड वर्ष रात्रंदिवस काय करत होते ते यात आहे. वाचा."

इन्स्पेक्टरांनी एक उघडला. 'छताची उंची आणि तिचे मालाशी असलेले नाते', प्रकरण चौथे. दुसरा उघडला. त्यात खिळ्यांच्या प्रकारांचं परिशिष्ट होतं. हवालदाराने तिसरा हातात घेऊन नुसता तोलून बघितला.

"बाई," इन्स्पेक्टर अखेर म्हणाले, "एवढं लिहिणाऱ्या माणसाला चोरी करायला वेळ कुठून मिळणार? सोडा यांना."

मोजपट्टीसाहेब सुटले, पण ज्या कारणाने सुटले ते त्यांच्या जिव्हारी लागलं. "निदान तो आकृत्यांचा भाग तरी बघायचा होता," ते पुटपुटले.

तेवढ्यात औषधांच्या गोदामाचे मालक धापा टाकत आत आले. प्रकार त्यांना आत्ताच कळला होता. त्यांनी आधी माफी मागितली, मग खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले. "साहेब, एक सांगा. तुम्ही त्या मागच्या दाराचंच का विचारत होतात?"

मोजपट्टीसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस. नियम तिसरा. समोर गिऱ्हाईक, विचारतोय प्रश्न, काम पक्कं नाही. "त्याचं उत्तर काम ठरल्यावर," ते म्हणाले.

"अहो!" बायको म्हणाली.

"ठाण्यात प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात," इन्स्पेक्टर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत तर देतो. पण ते खिशात घालून हे घरी जातील. पुतण्या याही साहेबांना असेलच."

मालकांना पुतण्याचा संबंध कळला नाही. पण ते वर्षभर माल मोजून मोजून थकलेले होते. "ठरलं," ते म्हणाले. "काम तुमचं. तिन्ही मजले. तुम्ही म्हणाल त्या फीला. आता बोला."

आता कोणीही म्हणेल, की दीड वर्षात प्रथमच काम मिळालं, माणसाने आनंदाने उडी मारायला हवी. पण मोजपट्टीसाहेबांना नवाच संशय आला. एवढ्या सहज? एकही पान न वाचता? यात काहीतरी गोम असणार. "लेखी द्या," ते म्हणाले. मालकांनी ठाण्याच्याच एका कोऱ्या अर्जामागे दोन ओळी लिहिल्या. मोजपट्टीसाहेबांनी त्या दोन ओळी पाच वेळा वाचल्या. गोम सापडेना, तसतसा संशय वाढत गेला. शेवटी बायकोने कागद ओढून घेतला, वाचला, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि त्यांच्या हातात पेन दिलं. "सही करा. नाहीतर मी करते."

सही झाली. मोजपट्टीसाहेबांनी घसा साफ केला.

"ते दार दोन वर्षं बंद आहे, असं मॅनेजर म्हणाले. गोदामात सगळीकडे बोटभर धूळ आहे. पण त्या दारासमोर हातभर जागा लख्ख स्वच्छ. बिजागऱ्यांना ताजं तेल. आणि खोकी ओढल्याचे ओरखडे आतून बाहेरच्या दिशेने. म्हणून विचारलं, किल्ली कोणाकडे असते."

सगळ्यांच्या माना एकदम मॅनेजरकडे वळल्या. कमरेचा जुडगा मुठीत धरून मॅनेजर दाराच्या दिशेने सरकत होता. "पाणी पिऊन येतो," तो म्हणाला.

"पाणी आतही आहे," हवालदार म्हणाला आणि त्याने मॅनेजरला त्याच आखूड पायाच्या बाकावर बसवलं.

"चोराच्या उलट्या बोंबा!" हेडक्लार्क आनंदाने म्हणाले. त्यांची संध्याकाळ सार्थकी लागली होती. मेहुणा मात्र भिंतीला टेकून सगळ्यांना सांगत होता, की ही प्रश्न विचारायची पद्धत मूळ त्याची.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टीसाहेब कामाला लागले. तिथवर ठीक होतं. पण आठवड्याने इन्स्पेक्टरांचा निरोप आला. मॅनेजर काही केल्या गुन्हा कबूल करत नव्हता. तेव्हा गोदामात काय काय बघितलं, त्याचा जबाब साहेबांनी लिहून द्यावा.

"मी एका पानापेक्षा जास्त लिहीत नाही," मोजपट्टीसाहेब फोनवर करारीपणे म्हणाले. "धोरण आहे माझं."

"एका पानाने काय होणार? सविस्तर लागेल. काहीही सोडू नका."

त्यांनी फोन ठेवला आणि नाइलाज झाल्यासारखा चेहरा केला. पण बायकोने बघितलं, की कपाटातून काढलेलं कोऱ्या कागदांचं रीम त्यांनी घाईघाईने फोडलं. लहान मूल खाऊचा पुडा फोडतं तसं. तीन दिवस ते जेवायलासुद्धा हाका मारल्यावरच उठले. छताची उंची आली, हवेचा प्रवाह आला, बिजागरीच्या तेलाचे प्रकार आले, चार नकाशे आले. बायकोने लाल पेन घेऊन सगळं तपासलं आणि या वेळी एकही चूक राहू दिली नाही. एकोणचाळीस पानांचा जबाब त्यांनी स्वतः नेऊन दिला, आणि इतक्या दिवसांनी प्रथमच रस्त्यात शीळ घातली.

दोनच दिवसांनी हवालदार घरी आला. दारातच त्याने कडक सलाम ठोकला.

"साहेब, कमाल केलीत! आरोपीने गुन्हा कबूल केला. आम्ही दहा-बारा दिवस डोकं फोडतोय, ढिम्म हलत नव्हता. काल इन्स्पेक्टरसाहेबांनी तुमचा जबाब त्याला पहिल्यापासून वाचून दाखवायला घेतला. अकराव्या पानावर रडायला लागला. म्हणाला, पुरे करा, कुठे सही करू सांगा!"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मोजपट्टीसाहेब मात्र ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू उतरला.

"अकराव्या?" ते म्हणाले. "अहो, दाराचा मुद्दा तर बाराव्या पानावर सुरू होतो!"